करून मिळतील

वडिलांच्या पांढऱ्या टेम्पोवर लाल स्टिकरच्या अक्षरांत एकच वाक्य होते : 'पाण्याच्या टाक्या साफ करून मिळतील.' खाली दूरध्वनी क्रमांक. नाव मात्र कुठेच नव्हते. सिग्नलला मागे थांबलेल्याला वाचायला काही क्षणच मिळतात. तेवढ्यात काम आणि नंबर कळला पाहिजे, नाव वाचून कुणाची टाकी स्वच्छ होते, असे ते म्हणत.

पुढे मराठी शिकवू लागल्यावर त्या वाक्यातला कर्त्याचा लोप ध्यानात आला. काम 'मिळणार' होते. गुडघाभर गाळात उतरणारा माणूस व्याकरणातच नव्हता.

२००९ साली ते गेले. टेम्पो विकण्यापूर्वी मी हेअर ड्रायरने तापवून एकेक अक्षर सोलून काढले. पण भोवतालचा रंग उन्हाने पिवळट झाला होता आणि अक्षरांखालचा तसाच शुभ्र राहिला होता. वाक्य पुसले गेलेच नाही. टेम्पो तसाच नव्या मालकाकडे गेला.

तो क्रमांक मी बंद केलेला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस कुणीतरी विचारी, "टाक्या साफ करून मिळतील का?"

"आता नाही," मी सांगत असे. तेही कर्त्याविनाच.