कडेची माणसं

रविवारच्या पुरवणीतला लेख वाचताना वाटतं, आपण एकाच माणसाचं ऐकतोय. नाव एकाचंच छापलेलं असतं ना! पण मथळा बहुतेक वेळा त्या माणसाचा नसतो. पान सोडायची घाई असताना, दिलेल्या कॉलमांत बसेल असा तो उपसंपादकाने घडवलेला असतो. म्हणून तर वर मथळा गर्जत असतो आणि खाली लेखक 'कदाचित', 'बहुधा' म्हणत जपून पावलं टाकत असतो. फोटो तिसऱ्याचा, फोटोओळ चौथ्याची, कोपऱ्यातली चौकट आणखी कुणाची तरी. मजकुरात शिरण्याआधी मी या कडेच्या माणसांना भेटून घेतो. कोण कुठून बोलतंय हे कळलं की लेख निम्मा कळतो.

ही गर्दी छापखान्याने आणली असंही नाही. जुन्या पोथीत उपशीर्षकं नव्हती, परिच्छेद नव्हते, शब्दाशब्दांत जागासुद्धा सोडलेली नसायची. दंडांवर गेरू फिरवला की झाली वाचकाची सोय. पण शेवटच्या पानावर लेखनिक तोंड उघडायचा. नक्कल कोणत्या शकात केली, कुणासाठी केली, हे सांगून झालं की स्वतःचं गाऱ्हाणं मांडायचा. समोर जसं होतं तसं उतरवलं, चुकलं असेल तर बोल मला लावू नका. पाठ, कंबर, मान मोडून लिहिलंय, तेव्हा तेलापाण्यापासून जपा. ज्ञान ग्रंथकर्त्याचं, पाठदुखी याची. आणि आज पोथीचा काळ ठरवायला अभ्यासक आधी बघतात ती याचीच पुष्पिका.

नकाशाच्या कडेला मात्र मी सगळ्यात जास्त रेंगाळतो. ट्रेकवाले ज्याला टोपोशीट म्हणतात, तो भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा घ्या. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. दख्खनच्या पठारावरचा कागद उलगडला की काळ्या रेघांचं जाळंच दिसतं. सांकेतिक खुणांची चौकट न वाचणारा त्यांना वाटा समजून बसतो. ते ओढे आहेत. निळा रंग पाणी असलेल्या प्रवाहाला. कोरड्या पात्राला काळा. पावसाळा सरला की आटणाऱ्या या मुलखाचं गाऱ्हाणं त्या सर्वेक्षकाने एका रंगात सांगून टाकलंय. पिवळं म्हणजे शेत, हिरवं म्हणजे रान. तपकिरी समोच्च रेषा पश्चिमेकडे, कोकणकड्यापाशी इतक्या दाटतात की त्यांच्यामध्ये सुई शिरू नये. तिथे पाय ठेवण्याआधी दोनदा विचार करावा. कडा उतरण्यावर एखादा रसाळ लेख लिहिता येईल, पण 'इथून जाऊ नकोस' हे इतक्या कमी शाईत सांगणं गद्याला जमायचं नाही.

शाळेच्या पुस्तकातही कडेला एक जण उभा असतो, आणि तो साक्षात सरकार. बालभारतीच्या पुस्तकांत भारताच्या नकाशांविषयी बारीक टायपात एक निवेदन असतं. देशाचा सागरी प्रदेश आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंत आहे, पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांची मुख्यालयं चंदीगडला आहेत, असं काहीबाही. परीक्षेत ते कुणी विचारत नाही, त्यामुळे कुणी वाचतही नाही. वास्तविक धड्यातला देश कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते तिथेच लिहिलेलं असतं.

आलेखवाल्यापासून तेवढं सावध असावं. समजा, निकाल ९२ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेला. उभा अक्ष शून्याऐवजी ९० पासून सुरू केला, की दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. आकडे खरे असतात आणि चित्र खोटं बोलतं. आधी अक्षाचा तळ बघावा, मग स्तंभांची उंची.

विश्वकोशाची गोष्ट वेगळी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून उभ्या राहिलेल्या मराठी विश्वकोशात नोंद संपताना चौकटी कंसात एक बारीकसा बाण भेटतो आणि दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवतो. बाणामागून गेलात की संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, आडनाव आधी. म्हणजे कुणाला जाब विचारायचा तेही ठरलेलं.

एक माणूस मात्र आपल्याकडच्या पुस्तकांत फारसा येत नाही, तो म्हणजे सूचीकार. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या २३ खंडांतला एक अख्खा खंड सूचीला दिला होता. आज पाचशे पानांचं चरित्र हाती येतं. अर्पणपत्रिका असते, दोन दोन प्रस्तावना असतात, कधी प्रामाणिक शुद्धिपत्रही असतं, आणि शेवटी नामसूचीच्या जागी त्याच प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात. चरित्रनायकाची कुणाशी कुठे गाठ पडली ते शोधायला पुन्हा पहिल्या पानापासून निघायचं. प्रकाशक म्हणतात, पानं वाढतात, किंमत वाढते. मला हे पटत नाही; एक प्रस्तावना कमी केली तर सूची आरामात बसते. तोवर हे काम वाचकाकडेच आलंय. चरित्र विकत घेताना मी आधी शेवटी किती पानं कोरी आहेत ते बघतो, आणि वाचायला बसताना पेन्सिल जवळ ठेवतो.