शाई

एम-थ्रीमध्ये मला केटी लागली ती डिफरन्शियल इक्वेशन्समुळे. पद्धती सगळ्या पाठ होत्या, पण बाउंडरी कंडिशन म्हणजे नक्की काय असं कुणी विचारलं असतं तर बोंब! त्याच वर्षी मी तबलाही सोडला. शिकवायचे बाबाच. ते काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

असो. गेल्या शनिवारी पायथॉन उघडून तबल्याचंच समीकरण सोडवायला बसलो.

पुडी कडेला गजऱ्यात आवळलेली असते, म्हणजे काठावर हालचाल शून्य. झाली बाउंडरी कंडिशन! आता एक वारंवारता मनानेच धरायची आणि मध्यापासून समीकरण सोडवत काठापर्यंत जायचं. तिथे शून्य आलं तर नेम बसला, नाहीतर वारंवारता बदलून पुन्हा. नावही शूटिंग मेथडच आहे. बहुतेक नेम चुकतात. जे मोजके बसतात त्यांतून आयगेनव्हॅल्यू मिळतात, आणि तेवढेच सूर ती पुडी देऊ शकते. (मध्यावर त्रिज्या शून्य, म्हणून पहिल्याच पायरीला शून्याने भागाकार आणि प्रोग्रॅम आडवा. किंचित बाजूला सरकून सुरुवात केली.)

आधी बिनशाईची, सगळीकडे सारखी पुडी घेतली. पहिला सूर १ धरला तर पुढचे १.५९, २.१४, २.३०... कशाचा कशाला मेळ नाही. मग मधल्या भागाला वजन दिलं, ते कमीजास्त करत राहिलो. दुसरा सूर पहिल्याच्या दुपटीजवळ आला, तिसरा तिपटीजवळ. रात्रीचा दीड वाजला होता आणि मी खुर्चीतून उठून उभा होतो.

ही गोष्ट सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० मध्येच 'नेचर'मध्ये लिहिली होती. १९३४ च्या लेखात तर पुडीवर बारीक वाळू पसरून कंपनांच्या आकृत्याही दाखवल्या. आणि ज्यांनी थरावर थर देत, दगडाने घोटत शाई बसवली, त्यांच्याकडे समीकरण नव्हतंच. कान होते.

रविवारी सकाळी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग शाई किती जाड ठेवायची ते कळतं का त्यातून?"

"साधारण कळतं."

"हं. तुझ्या तबल्याची उखडलीय. दिवाळीला येशील तेव्हा बघ."