तीनचा खेळ

तालुक्याच्या गावात तीनचा खेळ बहुतकरून बायकांचा असायचा. सकाळचा स्वयंपाक, धुणंभांडी आटोपलेली, संध्याकाळच्या चुलीला अवकाश, आणि खेळ सुटल्यावर गावाकडची शेवटची एस.टी. गाठता येईल एवढा वेळ, असा त्यामागचा सरळ हिशेब होता. 1991 साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला आणि या तीनच्या खेळाला गावोगाव जी गर्दी लोटली ती महिनोन्महिने ओसरली नाही. टॉकीज म्हणजे बहुतेक ठिकाणी पत्र्याचं छप्पर, भिंतींवर घरघरणारे पंखे, एकमेकींना जोडलेल्या खुर्च्यांच्या रांगा आणि दारांवर जाड, मळलेले पडदे. त्या पडद्यांमागे भर दुपार असे आणि आत मध्यरात्रीसारखा अंधार. बापाच्या मायेला पारखी झालेली नायिका लक्ष्मी सासरी छळ सोसू लागली की त्या अंधारात आधी कुठून तरी नाक ओढल्याचा आवाज येई. मग पदर डोळ्यांकडे जाताना बांगड्या किणकिणत. मग शेजारून, मागून, पार पुढच्या रांगेतून तेच आवाज येऊ लागत. मांडीवरचं पोर जागं होऊन ‘काय झालं?’ विचारी, त्याला थोपटून गप्प केलं जाई. उषा नाडकर्णी यांची सासू पडद्यावर आली की एखादी बाई मोठ्यानं तिचा उद्धार करी, आणि दुसरी तिला दुजोरा देई.

या रडण्याची चेष्टा पुष्कळ झाली. ‘रुमाल घेऊन जा’ हे वाक्य तेव्हापासून मराठीत एका जातीच्या चित्रपटांची निंदा करायला वापरलं जातं. त्यामागचं गृहीत असं, की दिग्दर्शकानं कळ दाबली आणि बायका रडल्या. मला हे गृहीत मुळातच चुकीचं वाटतं. ते रडणं पडद्यावरून खाली आलेलं नव्हतं, निदान पुरतं नव्हतं. ते त्या खोलीत, त्या रांगांमध्ये तयार होत होतं. टॉकीजची रचनाच अशी, की तिथे सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात. शेजारणीचा चेहरा दिसत नाही, पण तिचा हुंदका ऐकू येतो. डोळे झाकलेले आणि कान उघडे, अशी माणसांची बैठक आपल्या समाजात दुसरीकडे कुठे सापडत नाही. कोणी आपल्याकडे पाहत नाही म्हणून रडता येतं, आणि दुसरं कोणी रडतंय हे ऐकू येतं म्हणून आपलं रडणं वेडगळ वाटत नाही. या दोन्ही गोष्टी एकदम घडतात, त्यातच त्या जागेचं सगळं सामर्थ्य आहे.

बाईच्या रडण्याला आपल्याकडे जागा नव्हती असं नाही. पाठवणीला रडायचं, मयताला रडायचं, जात्यावर ओवीतून रडायचं. पण पहिल्या दोन्ही ठिकाणी ती उजेडात, नात्यातल्या माणसांसमोर रडते आणि कारण ठरलेलं असतं. तिथे न रडणारीलाच नावं ठेवली जातात. जात्यापाशी एकांत होता, सोबत असली तर एका जावेची. जिचं दुःख साधं, रोजचं, सांगण्यासारखं नाही, म्हणजे नवरा बोलत नाही, माहेरचं कोणी दोन वर्षांत फिरकलं नाही, तिनं घरात डोळे पुसले की लगेच प्रश्न येतो, ‘आता काय झालं?’ टॉकीजमध्ये हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण उत्तर समोर चालू असतं. लक्ष्मीसाठी रडते आहे एवढं कारण पुरतं. त्या आडोशाला ती कोणासाठी रडते हे तिचं तिला ठाऊक.

बायका फसवल्या जात नव्हत्या याचा पुरावा चित्रपटाच्या नावापासूनच मिळतो. सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची घालायची, हा रिवाज महाराष्ट्रात कितीतरी समाजांत आहे. तो ज्या बाईला माहीत आहे तिला पोस्टरवरचं नाव वाचूनच कथेचा वारा कुठून वाहतो ते कळतं. शिवाय पुष्कळ जणी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येत, नव्या सोबतिणीला घेऊन. पुढे काय होणार हे पाठ असलेली बाई आघात होण्याच्या आधीच पदर हातात घेते. धक्क्यानं आलेलं रडू असं आधी येत नाही. आणि ही कथाही काही इथे पहिल्यांदा सांगितली गेली नव्हती. 1988 च्या ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटावरून ती घेतली होती, आणि तिकडेही तो अफाट चालला होता.

माहीत असलेल्या दुःखासाठी जमून रडणं आपल्याला नवं नाही. हरिश्चंद्राचं आख्यान लावलं की तारामती स्मशानात येणार हे देवळातल्या प्रत्येकाला ठाऊक असे, तरी बुवा त्या प्रसंगाशी आले की सभा भिजे. ‘नाट्यशास्त्रा’नं आठ रसांत करुण मोजला. त्यावर काश्मीरमध्ये हजार वर्षांपूर्वी भाष्य लिहिणाऱ्या अभिनवगुप्तानं एक बारकावा नोंदवला. प्रेक्षागृहातले सगळे जण मिळून एकच एक होऊन पाहतात तेव्हा रस अधिक पुष्ट होतो, असं त्याचं म्हणणं. पात्राचं दुःख सगळ्यांचं होण्याची, म्हणजे साधारणीकरणाची, चर्चा आपण वर्गात कालिदासाच्या आधारानं करतो. मला वाटतं, तिचा भक्कम दाखला तीनच्या खेळातल्या स्टॉलच्या रांगांमध्ये होता. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 साली मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. तुकारामांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस पडद्यावर दिसताच हात जोडणारे लोक आपण सिनेमा पाहतो आहोत हे विसरले होते, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. कीर्तनाला बसायचं कसं हे त्यांना येत होतं, आणि ती बैठक त्यांनी टॉकीजमध्ये आणली. दुःखाच्या चित्रपटाला बसलेल्या बायकांनीही तेच केलं.

इथे पहिला आक्षेप येतो, भोळेपणाचा. खलनायकाला शिव्या देणारा, देवाच्या चित्रपटाला चपला बाहेर काढणारा प्रेक्षक खरं-खोटं ओळखू शकत नाही, असं म्हणतात. दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये 1917 साली राम दिसल्यावर लोकांनी पायताणं काढली, 1975 मध्ये ‘जय संतोषी माँ’लाही तेच झालं, आणि निळू फुले यांच्याबद्दल गावोगावच्या बायकांच्या मनात खराखुरा राग होता, हे दाखले त्यासाठी दिले जातात. दाखले खरे आहेत, त्यांवरून काढलेला निष्कर्ष खरा नाही. देवळातली मूर्ती पाथरवटानं घडवली हे माहीत असूनही माणूस तिच्यापुढे वाकतो. सासूला शिव्या घालणारी बाई तिकिटाचे पैसे मोजून आलेली असते आणि खेळ सुटल्यावर त्याच नटीच्या अभिनयाची तारीफ करते. तिची शिवी पडद्यासाठी नसतेच मुळी. ती शेजारच्या रांगांना ऐकवायची असते. घरात, ओट्यावर, विहिरीवर जे उच्चारता येत नाही ते इथे सर्वांदेखत उच्चारून पाहायचं, आणि अंधारातून कोणी ‘खरंय बाई’ म्हणतं का ते ऐकायचं. हा भोळेपणा नव्हे, ही धीटपणाची पहिली पायरी आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि तो स्त्रियांच्या चळवळीतून आला. सोसणाऱ्या बाईचे देव्हारे माजवणारा चित्रपट बाईला सोसायलाच शिकवतो, रडून मोकळी झालेली बाई पुन्हा त्याच घरात जाते, मग या रडण्याचं मोल काय? काळ लक्षात घेतला की प्रश्नाची धार कळते. विवाहितेच्या छळाचं 498 अ हे कलम 1983 मध्ये आलं, हुंडाबळीचं 304 ब 1986 मध्ये. 1983 मध्येच स्त्री मुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकर यांचं ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आणलं आणि पुढे गावोगावी नेलं. त्या नाटकानं जे केलं ते ‘माहेरची साडी’नं केलं नाही, करूही शकत नव्हतं. चित्रपटाचा उपदेश जुनाच होता, हे मी मान्य करते. पण चित्रपटाचा उपदेश आणि प्रेक्षागृहातलं वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडदा सोशिकपणाची आरती ओवाळत असताना रांगांमधून सासूचा उद्धार होत होता, म्हणजे बायका पडद्याशी भांडतही होत्या. आपला छळ हा आपल्या एकटीच्या नशिबाचा भाग नाही, हे चारशे बायकांना रडताना ऐकल्याशिवाय कळत नाही. कायद्याचं कलम त्यानंतरचं काम करतं, पण ज्या बाईला आपल्यासारख्या अनेक आहेत हेच ठाऊक नाही ती ठाण्याची पायरी चढत नाही. टॉकीजनं एवढंच केलं. माझा दावा याहून मोठा नाही, पण याहून लहानही नाही.

पुरुषांचं काय? ते रडत नाहीत असं मानायची पद्धत आहे. दुःखाचा प्रसंग चढू लागला की पुरुषांच्या बाजूला खोकला वाढतो. कोणी विडी ओढायला म्हणून उठतो, कोणी भलत्याच जागी हसतो, कोणी शेजाऱ्याला उगाच वेळ विचारतो. हे सगळे रडण्याचेच पर्यायी आवाज आहेत, आणि शेजाऱ्याला ते अचूक कळतात. 1953 च्या ‘श्यामची आई’नं मात्र पुरुषांनाही उघड रडायला एक मान्य कारण दिलं होतं, कारण आईसाठी रडणाऱ्या पुरुषाला महाराष्ट्रात कोणी हसत नाही. पन्नास वर्षांनी संदीप सावंत यांच्या ‘श्वास’नं आजोबांसाठी तीच मुभा दिली. नातवाच्या डोळ्यांत कर्करोग, शस्त्रक्रियेनं जीव वाचणार पण दृष्टी जाणार, आणि त्याआधी त्याला जग दाखवायला निघालेला म्हातारा. अरुण नलावडे यांचा हा आजोबा स्वतः फारसा रडत नाही. न रडणाऱ्या पुरुषाकडे पाहत खोलीभर पुरुष नाक शिंकरतात, ही मोठी अर्थपूर्ण गोष्ट आहे.

आवाजच महत्त्वाचा असेल तर ‘सैराट’च्या शेवटचं काय, हा प्रश्न मला या साऱ्यांत सर्वांत मोलाचा वाटतो. 29 एप्रिल 2016 रोजी नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट आला तेव्हा अजय-अतुलच्या गाण्यांवर पोरं खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचत होती. त्या नाचाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. पण त्याच खोलीत, त्याच पोरांवर शेवटी जे येतं ते पाहायला हवं. आर्ची आणि परशा हे जोडपं घरात मारलं गेलेलं, त्यांचा लहानगा आकाश शेजारणीबरोबर बाहेरून परततो, दारात पोचतो, आणि ध्वनिपट पूर्ण थांबतो. मूल रडतं, पण त्याचं रडू ऐकू येत नाही. मग ते वळून चालू लागतं आणि त्याच्या पावलांचे लाल ठसे मागे उमटतात. दिग्दर्शकानं आवाज काढून घेतला तो फक्त पडद्यावरचा. खोलीचा आवाज त्याच्या हातात नव्हता. तिथे शिट्टी मारता आली असती, हसता आलं असतं. कोणी तसं केलं नाही. पंख्याची घरघर, खुर्चीची करकर, कोणाचा तरी अडकलेला श्वास एवढंच उरलं, आणि हजार माणसं एकमेकांची ही शांतता ऐकत बसली. नाचताना जी माणसं एक झाली होती तीच आता एक होऊन गप्प झाली होती. आधीचा दंगा नसता तर ही शांतता इतकी जड झाली नसती. म्हणून टॉकीजमधल्या गोंगाटाला असभ्य म्हणून हाकलणाऱ्यांशी माझं जमत नाही. फोनवर बोलणारा माणूस त्या खोलीतून निघून गेलेला असतो, त्याला गप्प करायलाच हवं. पण पडद्याला उत्तर देणारा माणूस तिथेच असतो, सगळ्यांबरोबर.

छायाचित्रकार अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या तंबू सिनेमाचे प्रेक्षक टिपले. त्या मालिकेला 2011 साली वर्ल्ड प्रेस फोटोचं पारितोषिक मिळालं. रात्रीच्या तंबूत बसलेली माणसं, पडद्याचा उजेड तोंडावर आलेला, आणि प्रत्येक चेहरा उघडा, निःशंक. तंबूत बसलेल्या कोणालाही हे दृश्य दिसत नाही, ते फक्त कॅमेऱ्याला दिसलं. इतके उघडे चेहरे माणूस एरवी झोपेतच ठेवतो. ते तसे राहू शकले, कारण पाहणारं कोणी नव्हतं.

आता मल्टिप्लेक्समध्ये खुर्च्या ऐसपैस झाल्या, मधले हात रुंद झाले, आणि ध्वनियंत्रणा एवढी जबरदस्त झाली की शेजारचा हुंदका तिच्याखाली बुडतो. काळोख आहे, पण कान झाकले गेले आहेत. घरच्या पडद्यावर उलट होतं. तिथे दिवा चालू असतो, नात्यातली माणसं समोर असतात, रडू आलं की कोणी तरी पाहतं किंवा कोणी तरी चित्रपट थांबवून पाणी आणायला उठतं. फोनवर इअरफोन लावून पाहणारी बाई तर दोन्ही बाजूंनी एकटी. असं असूनही 30 जून 2023 ला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा बायका पुन्हा घोळक्यानं निघाल्या. भिशीच्या, सोसायटीच्या, शाळेच्या जुन्या मैत्रिणींच्या रांगाच्या रांगा भरल्या. नऊवारी नेसून, गॉगल लावून त्या आल्या, सहा बहिणींच्या भांडणांवर मोठ्यानं बोलल्या, रडल्या, आणि काही ठिकाणी खेळ संपल्यावर पडद्यासमोर फेर धरला. वातानुकूलित दालनात त्यांनी आपली टॉकीज उभी केली, आणि तेवढ्या मोठ्या आवाजातही एकमेकींना ऐकलं. मात्र या बायका मोठ्या तिकिटाचे पैसे काढू शकणाऱ्या, शहरा-निमशहरातल्या होत्या. शेतातून येऊन तीनचा खेळ गाठणारीच्या तालुक्यातली टॉकीज पुष्कळ ठिकाणी बंद पडली आहे, तिथे मंगल कार्यालय किंवा दुकानं उभी राहिली आहेत. तिच्यासाठी स्वस्त तिकिटाची, दोन-तीनशे खुर्च्यांची, दुपारी उघडणारी जागा पुन्हा उभी करणं हे मराठी चित्रपटाच्या अनुदानाइतकंच निकडीचं आहे असं मला वाटतं, आणि त्या मागणीत रडण्याची लाज बाळगायचं काही कारण नाही.