घणाचा सहावा हिस्सा

आमच्या खानदानात ऐतिहासिक म्हणावी अशी वस्तू एकच, आणि तीही मामांच्या कनवटीला असते. अकोल्याहून मामा अमरावतीला आले की चहाच्या आधी ती गाठ सुटते आणि एक झिजका रुपया बाहेर पडतो. 'एलिचपूरचा हाय बरं!' एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर. मुघलांच्या काळी तिथे टांकसाळ होती, औरंगजेबाच्या रुपयांवर गावाचं नाव सापडतं, हे खरंच. मामांच्या रुपयावर मात्र आता फक्त मामांचा शब्द उरला आहे.

यंदा त्यांच्यावर ताण करावी म्हणून मी 'ऐन-इ-अकबरी' वाचून ठेवलं. बादशाही टांकसाळीतल्या एकेकाचं काम आणि मेहनताना अबुल फजलानं लिहून ठेवला आहे. आमच्या हपिसातलं पगारपत्रकसुद्धा इतकं स्वच्छ नसायचं! सगळ्यांच्या वर दारोगा. त्यानं हुशार असावं, मन मोठं ठेवावं, सचोटीनं वागावं आणि प्रत्येकाला कामाला जुंपावं. (यातलं शेवटचं आमच्या साहेबांना छान जमे.) ठसे कोरणारा मौलाना अली अहमद, त्याला शंभरांच्या सरदाराचा हुद्दा, हाताखालच्या दोघांना दरमहा ६०० दाम, म्हणजे १५ रुपये. मग सिक्काची. हा चकती दोन ठशांच्या मध्ये धरणार आणि वरून घण घालणार दुसराच. हजार रुपये पाडले की सिक्काचीला पाच दामांवर थोडी चिल्लर. घणवाल्याला सरकारातून छदाम नाही! सिक्काचीनंच आपल्यातला सहावा हिस्सा त्याला द्यायचा.

मी कागदावर गणित मांडलं. हजार रुपये ठोकून गड्याला पुरता एक दामही नाही. रुपयाचे दाम ४०. म्हणजे स्वतःचा एक रुपया व्हायला त्यानं लोकांचे ४४,००० हून जास्त रुपये ठोकायचे!

"काय हा जुलूम, मामा!" मी आवाज चढवला.

मामा जन्मभर जिनिंगमध्ये ठेक्यानं फिटरकाम करीत. घण मारायला एक पोरगा त्यांनीच ठेवला होता, आपल्या पैशातून. हे मला आठवलं, पण बोलून झाल्यावर.

मामांनी रुपया दोनदा उलटसुलट केला.

"सहावा म्हन्तं तू?"

"हो."

"मी त इतकाबी देत नव्हतो रे बाप्पा."

बायकोनं चहा आणून ठेवला. त्याच्यावर साय धरली तरी मामांचा हात कपाकडे जाईना. मग एकदम म्हणाले,

"तो बडनेऱ्यालेच राह्यते ना अजून? बस कितीची हाय?"