खारीची वाट

एके काळी शायरमधल्या झाडावर चढलेली खार जमिनीला पाय न लावता, या फांदीवरून त्या फांदीवर करत पार दक्षिणेला डनलंडपर्यंत जात असे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीत ही माहिती रिव्हेन्डेलचा अधिपती एलरॉन्ड देतो, तीही जाता जाता. रिव्हेन्डेलची सभा भरलेली आहे, अंगठीचं करायचं काय या घोरात सगळे बसलेत, आणि त्यात ही खार. कथेला तिचा काही उपयोग नाही. वाचणारा पुढे जातो. पण कादंबरीतल्या मिडल-अर्थ या जगाचा नकाशा उघडून बसलं, की बोट नेमकं तिथे अडतं. शायर आणि डनलंड यांच्यामध्ये आता जंगल नाहीच. मिन्हिरिआथ, एनेडवाइथ अशी दोन लांबलचक नावं, नद्यांच्या रेघा आणि बाकी कोरा कागद.

हा कोरेपणा आळसातून आलेला नाही. लेखक टोल्कीन यांनी आधी नकाशा केला आणि गोष्ट त्यावर बसवत नेली, असं त्यांनीच एका पत्रात लिहून ठेवलंय. कागदाला कागद चिकटवत वाढवलेल्या त्या पहिल्या नकाशात दोन सेंटीमीटरला शंभर मैल असं प्रमाण होतं. शायर पूर्व-पश्चिम चाळीस लीग आणि दक्षिणोत्तर पन्नास, म्हणजे साधारण १२० मैल बाय १५० मैल, हे पुस्तकाच्या प्रस्तावनेतच मिळतं. १९४४ मध्ये तर चंद्राने त्यांना छळलं. एकाच रात्री एका प्रांतात चंद्र उगवतोय आणि दुसऱ्यात मावळतोय असं झालेलं ध्यानात आलं, आणि लिहून झालेली प्रकरणं पुन्हा हाती घ्यावी लागली. चंद्राचा असा हिशेब ठेवणारा माणूस दोन प्रांत रिकामे सोडतो, तेव्हा त्यालाही कारण असणार.

कारण आहे, पण ते कादंबरीत नाही. टोल्कीन १९७३ मध्ये गेले. त्यांचे कागद मुलाने, ख्रिस्तोफर यांनी, ‘अनफिनिश्ड टेल्स’ म्हणून १९८० मध्ये छापले, त्यात ते सापडतं. समुद्रापलीकडून आलेल्या न्यूमेनोरच्या लोकांना जहाजांसाठी लाकूड हवं होतं. त्यांनी तिथल्या नदीच्या मुखाशी बंदर बांधलं आणि दोन्ही तीरांवरचं रान तोडत ते आत सरकले. जंगलातले लोक आधी चकित झाले, मग वैरी झाले, मग परागंदा. जे उरलं ते पुढच्या युद्धात जळालं. नंतर रोगराई आली. त्याच नदीवरचं थारबाड नावाचं शहर तिसऱ्या युगाच्या २९१२ साली पुराने बुडालं आणि लोकांनी ते सोडलं. शंभरेक वर्षांनी बोरोमिर हा योद्धा सभेसाठी तिथून येतो, तेव्हा नदी ओलांडताना त्याचा घोडा जातो. मिनास तिरिथहून रिव्हेन्डेल गाठायला त्याला ११० दिवस लागतात आणि तो सगळा प्रवास एकट्याचा. सभेत तो हे जरा फुशारकीने सांगतो. मला मात्र ती फुशारकी वाटेनाशी झालीय. एवढ्या मोठ्या मुलखात विचारायला, पाणी मागायला माणूस नव्हतं, हे त्याने न बोलता सांगितलेलं असतं.

मिडल-अर्थच्या भूगोलाची खरी गोडी मला अशा ठिकाणी वाटते. पर्वतांची उंची, नद्यांची लांबी हे चाहत्यांनी पाठ केलेलं असतंच. पण या नकाशावरची रिकामी जागा ही बहुधा कुणीतरी सोडून गेलेली जागा असते, आणि ती कुणी सोडली हे बऱ्याचदा भलत्याच पानावर मिळतं.

त्यातली सर्वांत जिव्हारी लागणारी जागा म्हणजे ब्राउन लँड्स. अँडुइन नदीतून अंगठी घेऊन निघालेल्यांच्या होड्या दक्षिणेकडे चालल्यात. पूर्वेच्या काठावर करपलेले तपकिरी उतार सुरू होतात. गवताचं पातं नाही, झाड नाही, नजर जाईल तिथवर ओसाड. हे कशाने झालं असेल, ते वाटाड्या अॅरागॉर्नलाही सांगता येत नाही, आणि त्या काफिल्यात त्याच्याइतका फिरलेला दुसरा कुणी नाही. होड्या पुढे जातात. बऱ्याच पानांनंतर फॅनगॉर्नच्या जंगलात ट्रीबियर्ड हा म्हातारा एंट, म्हणजे झाडांचा राखणदार आणि स्वतःही झाडासारखाच, मेरी आणि पिपिन या शायरमधल्या दोन बुटक्या हॉबिटांना आपल्या जमातीचं दुखणं सांगतो. एंटांना रान आवडायचं, जसं वाढेल तसं. त्यांच्या बायकांना बाग आवडायची: फळझाडं, वाफे, सांगितलेलं ऐकणारं पीक. त्या नदी ओलांडून गेल्या, तिथे त्यांनी शेतं फुलवली, माणसांना शेती शिकवली. मग लढाया झाल्या. एंट भेटायला गेले, तेव्हा तिथे राख होती. त्या जागेला आता ब्राउन लँड्स म्हणतात, असं तो सांगतो.

म्हणजे आपण होडीतून पाहिली ती त्यांची बाग होती. हा दुवा टोल्कीन ठळक करून देत नाहीत. मागची पानं उलटायची तर आपण उलटायची. त्या बायका सापडतात का, असं वाचक त्यांना विचारत राहिले. १९५४ च्या एका पत्रात त्यांनी लिहिलं, की त्या बागांबरोबरच नाहीशा झाल्या असाव्यात. निर्मात्यानेच ‘असाव्यात’ म्हणावं, हे मला त्या जंगलातल्या म्हाताऱ्याच्या स्वभावाला धरून वाटतं.

२०१३ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या डॅन लंट या हवामानशास्त्रज्ञाने पृथ्वीसाठी वापरतात तसलं संगणकीय प्रारूप मिडल-अर्थला लावून पाहिलं, आणि निबंध राडागास्ट या जादूगाराच्या नावाने लिहिला. शत्रूचा मुलूख असलेल्या मॉर्डोरची हवा लॉस एंजेलिस आणि अॅलिस स्प्रिंग्ज यांच्यासारखी निघाली. वर्तमानपत्रांना तेवढंच पुरलं. माझ्या लेखी महत्त्वाचं वेगळंच होतं: कुणी हात लावला नसता, तर या भूमीचा बराचसा भाग घनदाट जंगलाखाली असता. थोडक्यात, एलरॉन्डच्या खारीला शास्त्राने दुजोरा दिला.

पश्चिमेचा किनाराही असाच काही गमावून बसलेला. लिंडन ही समुद्रालगतची अरुंद पट्टी, पलीकडच्या बेलेरिआंड नावाच्या मोठ्या देशाचा उरलेला काठ आहे. पहिल्या युगाच्या शेवटी तो देश पाण्याखाली गेला. ट्रीबियर्ड त्या बुडालेल्या रानांची नावं गाण्यात घेतो, आणि त्याच्या हातांवर बसलेल्या हॉबिटांना त्यातलं एकही ठाऊक नसतं. १९८० च्या पुस्तकातल्या नकाशात किनाऱ्यापासून दूर हिमलिंग नावाचं बेट दाखवलंय. ते बेट म्हणजे एका थंड, उंच टेकडीचा माथा. त्यावर एके काळी माइध्रोस या राजपुत्राचा किल्ला होता. गोष्टीतलं कुणी त्या बेटाकडे फिरकत नाही.

मॉर्डोरच्या पर्वतरांगा चौकटीसारख्या काटकोनात वळतात, असे पर्वत निसर्गात होत नाहीत, ही भूगर्भ जाणणाऱ्यांची जुनी तक्रार. ती रास्त आहे. मला मात्र मॉर्डोरबद्दल दुसरीच गोष्ट खुपते. अंगठी घेऊन गेलेले फ्रोडो आणि सॅम तुडवतात तो त्याचा वायव्येचा कोपरा, राखेचा आणि खडकांचा, आणि आपणही त्यालाच सबंध मॉर्डोर समजून बसतो. दक्षिणेला नूर्नेन नावाचं मोठं खिन्न सरोवर आहे, त्याच्या काठाने गुलामांकडून कसून घेतलेली शेतं आहेत. सैन्याच्या पोटाची सोय तिथे होते. त्या दोघांना याचा पत्ताही नसतो, लेखकच एका वाक्यात कानावर घालतो. युद्ध संपल्यावर आणखी एक वाक्य येतं: राजा झालेला अॅरागॉर्न गुलामांना मोकळं करतो आणि सरोवराभोवतालची जमीन त्यांच्या नावे करतो.

ओस पडत गेलेल्या या नकाशात जमीन कसणाऱ्याच्या मालकीची होते, असं हे विरळा ठिकाण. हॉबिटांच्या तंबाखूची कुळकथा सांगायला प्रस्तावनेत जागा आहे, राजांच्या वंशावळींना परिशिष्टं आहेत. नूर्नेनकाठी लोकांनी पहिल्या वर्षी स्वतःसाठी काय पेरलं, तेवढं कुठेच नाही. एवढ्या बारीक हिशेबाच्या माणसाकडून ती एक ओळ यायला हवी होती.