दुरुस्तीचा सवाब

आपल्या समाजात दानाची कमतरता कधीच नव्हती. रमजान आला की जकात निघते, फितरा निघतो, रेशनचे थैले वाटले जातात. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि वालधुनीचं पाणी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या वस्त्यांत शिरलं, तेव्हाही माणसं अन्न-कपडे घेऊन धावली.

प्रश्न येतो तो नंतर. मी उर्दू शाळेत शिकवते. गैरहजर मुलींची चौकशी करायला वस्तीत जावं लागतं. अशाच एका वस्तीत एका संस्थेनं शौचालय बांधून दिलं. उद्घाटनाची संगमरवरी पाटी आजही शाबूत आहे. आत मात्र कड्या तुटल्यात, पंप जळालाय. सातवी-आठवीच्या मुली पहाटे अंधारात आईसोबत रुळांकडे जातात. दिवसभर पाणी पीत नाहीत आणि वर्गात डोकं दुखतं म्हणून बाकावर मान टाकतात. त्यांच्या आया विचारतात, "आपा, बनाके देनेवाले तो गये, अब मरम्मत कौन करेगा?"

जकातीतून करावी, तर मौलानासाहेब नाही म्हणतात आणि मसल्याप्रमाणे ते बरोबरच आहे. हनफी मसलकात जकात गरजू माणसाच्या मालकीची व्हावी लागते, ती इमारतीला किंवा पगाराला लागत नाही. राहिला सदका. तो बांधकामाला सहज मिळतो, कारण तिथं नाव कोरता येतं. नळाच्या वॉशरवर कोणाचं नाव कोरणार?

वास्तविक उत्तर आपल्याच घरात आहे. हजरत उमर (रजि.) यांनी खैबरची जमीन वक्फ केली ती या अटीवर, की जमीन विकायची नाही, उत्पन्न मात्र गरजूंवर खर्च करायचं. चालू खर्चाची सोय दानातच होती.

दुसरं उत्तर भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांचं. १९८६ मध्ये त्यांनी 'महिला मिलन' उभं केलं. त्यांत मुस्लिम बायका पुष्कळ होत्या. पै-पै साठवत त्या हिशेब शिकल्या. १९९९ नंतर पुणे महापालिकेच्या योजनेत महिला मिलन आणि तिच्या सोबतच्या संस्थांनी शौचालयं बांधली, तेव्हा कुटुंबामागे महिन्याला २० रुपयांचा पास ठरला आणि राखणदाराला तिथंच राहायला खोली दिली. पाटीपेक्षा ती खोली महत्त्वाची.

अर्थात सगळा भार गरिबांच्या वर्गणीवर टाकणंही इन्साफ नव्हे. पाण्याची जोडणी आणि गटाराची लाइन ही पालिकेची जबाबदारी आहे. रोजंदारीवरची आई रोजी बुडवून त्या कचेरीत किती खेपा घालील? तिच्या वतीनं अर्ज लिहिणं, पाठपुरावा करणं, हाही सदकाच समजावा.

येत्या रमजानात कोणी वस्तीला काही बांधून द्यायचं म्हणत असेल, तर आधी विचारावं, पाच वर्षांनी पंप कोण दुरुस्त करील? उत्तर नसेल तर लहान बांधावं आणि उरलेली रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी. सदका-ए-जारियाचा अर्थच मुळी चालू राहणारं दान असा आहे.