टेक्सोमाच्या तळ्यावर एक सकाळ

लेकीकडे डॅलसला जाऊन आम्हा दोघांना महिना होत आला होता. दुकानं पाहून झाली होती, मशिदीत ओळखी झाल्या होत्या आणि खरं सांगायचं तर आता मुरूडच्या घराची आठवण येऊ लागली होती. त्या आठवणीत सगळ्यात पुढे मासळी होती. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी रात्री जेवताना जावई म्हणाले, "अब्बा, उद्या मासे गरवायला जायचं का? तळ्यावर." आमच्यापैकी एकाचं बालपण खाडीत पाग टाकण्यात गेलेलं आणि दुसरीचं विळीवर मासळी कापण्यात. नाही कोण म्हणणार? अकरा वर्षांची नातही निघाली. तिच्यामुळे या घरात आम्ही नाना आणि नानी.

मासे धरायला तिथे परवाना लागतो. जावयांनी रात्रीच इंटरनेटवर मोठ्यांचे परवाने काढले. मुलांना तो लागत नाही. पहाटे साडेचारला निघालो.

डॅलसच्या उत्तरेला दीडेक तासावर, टेक्सस आणि ओक्लाहोमा या दोन राज्यांच्या हद्दीवर हे तळं आहे. दोन्ही नावं जोडून त्याचं नाव झालं, लेक टेक्सोमा. तळं म्हणायचं, पण आहे ते धरणाचं पाणी. डेनिसन गावाजवळ रेड नदीवरचं मातीचं धरण १९४४ मध्ये पुरं झालं, वाशिटा नदीचं पाणीही त्यात आलं आणि सुमारे ८९,००० एकर जमीन पाण्याखाली गेली. त्यात काही जुनी गावंही गेली. धरण म्हटलं की बुडालेली गावं आलीच, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको.

फजर आम्ही धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेत, गाडीतली चटई अंथरून पढलो. समोर पाणी काळं आणि शांत. सलाम फेरला तेव्हा पलीकडे दिव्याखाली एक साठीचा गोरा माणूस आमचं आटोपायची वाट बघत उभा होता. तोच आमचा होडीवाला. तिथे त्याला कॅप्टन म्हणतात.

त्याच्या हातात पाग होता. कोकणातला तोच पाग, कडेला शिशाचे मणी लावलेला. त्याने कडेचा एक भाग दातात धरला, बाकीचा हातावर घेतला आणि फेकला. नाना बघतच राहिले. आमच्या खाडीतही असाच दातात धरतात! जावयांनी इंग्रजीत सांगितल्यावर कॅप्टनने हसून पाग नानांच्या हाती दिला. तीसेक वर्षांनी फेकलेला पाग तांदळाच्या भाकरीसारखा गोल उघडला नाही, थोडा वाकडा पडला. पण वर आला तेव्हा त्यात पाचसहा चंदेरी मासे तडफडत होते. त्या माशाला शॅड म्हणतात. हेच आमचं आमिष.

होडीत एक गोल टाकी होती. शॅड मासा सतत पोहत राहतो. चौकोनी टाकीच्या कोपऱ्यात अडकून मरतो, म्हणून टाकी गोल. आत हवेचे बुडबुडे सोडलेले आणि मूठभर मीठ टाकलेलं. एवढी निगा कशासाठी? गळाला लावेपर्यंत तो जिवंत राहावा म्हणून.

ज्याच्यासाठी हे सगळं, तो मासा स्ट्राइप्ड बास, म्हणजे पट्टेरी बास. रुपेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सातआठ काळ्या रेघा. हा मूळचा अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अटलांटिक समुद्रातला. राहतो समुद्रात आणि अंडी घालायला नदीत चढतो. आपल्या रायगडचा जिताडा याच्या बरोबर उलटा. तो खाडीत, गोड्या पाण्यात वाढतो आणि पिलं घालायला खारं पाणी शोधतो. पेण-अलिबागच्या खारेपाटात शेतकरी जिताडा तळ्यात पाळतात, वाढवतात, पण तळ्यात त्याची पैदास होत नाही. पिलू बाहेरूनच आणावं लागतं.

टेक्सोमात मात्र वेगळं घडलं. ओक्लाहोमाच्या मत्स्य खात्याने १९६५ पासून काही वर्षं यात बासची पिलं सोडली. या माशाची अंडी तळाशी बसली तर गाळात गुदमरतात. उबेपर्यंत, म्हणजे साधारण दोन दिवस, ती वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात. बहुतेक धरणांच्या वर एवढी लांब वाहती नदी उरत नाही. इथे रेड आणि वाशिटा या दोन नद्या मोकळ्या वाहतात, शिवाय रेड नदी पश्चिमेकडच्या मिठाच्या जमिनीतून येत असल्याने पाण्याला थोडा खारटपणाही आहे. समुद्राचा मासा इथे घरचा झाला. आता पिलं सोडावी लागत नाहीत.

उजाडता उजाडता होडी मध्यावर थांबली. छोट्या पडद्यावर खालच्या माशांच्या रेषा दिसत होत्या. कॅप्टनने टाकीतला एक शॅड काढला, त्याच्या नाकपुड्यांतून गळ आरपार काढला आणि सोडणार, तोच नात म्हणाली, "नाना, तो अजून जिवंत आहे."

"हो बेटा. जिवंत हलतो, म्हणून मोठा मासा येतो."

"पण त्याला दुखत असेल ना?"

आम्ही गप्प झालो. लहानपणी मुरूडच्या खाडीत जिताड्यासाठी जिवंत कोलंबी गळाला टोचलेली नानांना आठवत होती. शेकडो वेळा. नमाजी, परहेजगार वडिलांनीच ते शिकवलं होतं. कधी कुणी विचारलं नव्हतं. आणि तरीही आम्हा दोघांना माहीत होतं की जिवंत प्राण्याला निशाणा करून मारायला रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी मना केलंय. जिवंत किडा किंवा मासळी गळाला लावणं अनेक उलेमांनी नापसंत केलंय, ती आधी मारून लावायला हरकत नाही, असं सांगितलंय. माहीत असणं आणि अकरा वर्षांच्या पोरीने तोंडावर विचारणं यात फरक असतो.

नानांनी कॅप्टनला विचारलं, "कापून लावला तर चालतो का?"

"चालतो. पण कमी लागतील," तो म्हणाला. पुढे काही विचारलं नाही. त्याने सुरीच्या एका घावात शॅड मारला, तुकडे केले आणि आमच्या आणि नातीच्या गळाला लावले. जावई जरा अवघडले. सकाळचे पैसे भरलेले, कामाच्या आठवड्यातली एकच सुट्टी. त्यांनी आपल्या गळाला जिवंतच ठेवला. आम्ही काही बोललो नाही.

इथे गळ वाटोळा असतो. काठी वाकली की झटका द्यायचा नाही. मासा वळला की गळ आपोआप त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिला तर सुटतो. जावयांची काठी वाकली, पुन्हा वाकली. तासाभरात त्यांचे चार झाले. आमच्या काठ्या तशाच. नात एकदा टाकीकडे बघे, एकदा आमच्याकडे. सीगल पक्ष्यांचा थवा पाण्यावर झेपावू लागला तसा कॅप्टनने होडी तिकडे नेली. तिथे नातीची काठी खाली गेली. बिस्मिल्ला म्हणत नानांनी तिच्या हातांवर हात ठेवले आणि दोघांनी मिळून मासा वर काढला.

नऊ वाजता हिशोब झाला. जावयांचे सात, आमचे तिघांचे मिळून तीन. या तळ्यात दिवसाला माणशी दहा बास धरता येतात आणि त्यात वीस इंचांचे किंवा त्याहून मोठे दोनच. कॅप्टनने मोठे मासे पट्टीवर ठेवून मोजले. आसपास बघणारं कुणी नव्हतं, तरी मोजले. आमच्याकडेही १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि ती बंदी चोरून मोडणाऱ्या होड्याही आम्ही पाहिल्या आहेत. त्या पट्टीकडे आम्ही जरा जास्तच वेळ बघत राहिलो.

धक्क्यावर कॅप्टनने विजेच्या सुरीने मिनिटाला एक मासा सोलला. दोन्ही बाजूंचं मांस काढलं, त्यातला उग्र वासाचा लाल पट्टा टाकला आणि डोकं, काटा डब्यात. नानीला राहवेना. "डोकी द्या!" तो हसला आणि दहाही डोकी पिशवीत भरून दिली. मासळीला जबह लागत नाही, त्यामुळे कुणाच्याही हातची आपल्याला हलाल. परदेशात हे किती सोयीचं आहे, ते तिथे राहणाऱ्याला विचारा.

संध्याकाळी मुरूडहून नेलेलं आमसूल, नारळ आणि लसूण घालून डोक्यांचं सालन झालं, तांदळाची भाकरी झाली, तुकड्या तव्यावर तळल्या. चव जिताड्याच्या जवळची, थोडी फिकी. शेजारच्या दोन घरी ताटं गेली.

जेवताना नातीने पुन्हा विचारलं, "नानी, मोठा मासा पण मेलाच ना? मग काय फरक?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "फरक एवढाच बेटा," नाना म्हणाले, "खायला घ्यायची अल्लाहने मुभा दिली आहे. तडफडवायची नाही."

जावई खाली मान घालून काटा काढत होते. आम्ही विषय वाढवला नाही. सासू-सासऱ्यांनी जावयाला किती शिकवावं, यालाही हद्द असते. रात्री ते गाडीतलं सामान उतरवताना लेकीला म्हणत होते, पुढच्या वेळी सगळ्यांना कापलेलंच आमिष मागू या, दोन कमी लागले तर लागले.

मुरूडला परतल्यावर नानांनी माळ्यावरचा जुना पाग काढला. दोन ठिकाणी फाटला होता, शिवून घेतला आहे.